बीडच्या जोडप्याने सुटीत जायचे कुठे?

मे महिना तोंडावर आला, की पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांची पाने थंड हवेच्या ठिकाणांच्या जाहिरातींनी भरून जातात. दोघांसाठी तीन रात्री, चार दिवस आणि न्याहारी मोफत, असा त्यांचा ठरलेला मजकूर असतो. बीड जिल्ह्यातील हजारो जोडपी याच सुमारास घराबाहेर पडण्याऐवजी घराकडे परतत असतात. ऊसतोडणीचा हंगाम आटोपलेला असतो, सहा महिने बंद असलेल्या घरांची कुलपे उघडलेली असतात आणि गावोगावच्या जत्रा व लग्ने यांची धांदल सुरू झालेली असते. दुष्काळ, स्थलांतर आणि अलीकडे गुन्हेगारी या कारणांनी चर्चेत राहिलेल्या या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या सहलीचा विषय काहींना हलकाफुलका वाटेल. तो तसा आहेही. तथापि सामान्य जोडप्याला वर्षातून चार दिवस केवळ आनंदासाठी एकत्र घालवता येतात की नाही, या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून जिल्ह्याच्या परिस्थितीविषयी बरेच काही कळते.

सहलीला मोजून चार गोष्टी लागतात : वेळ, ठिकाण, वाहन आणि मोकळीक. पैसा लागतोच; परंतु खिशात पैसा असूनही या चारांपैकी एक गोष्ट नसली, तर सहल घडत नाही. बीडमध्ये या चारही गोष्टींचा हिशेब मांडला असता काय दिसते?

एक कोयता, दोन माणसे

वेळेपासून सुरुवात करू. बीडच्या मजूर बाजारात 'जोडपे' या शब्दाला 'कोयता' असा प्रतिशब्द आहे, ही बाब शहरी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि हिशेब होतो तोही कोयत्याचाच. दिवाळीच्या मागेपुढे हे कोयते ट्रॅक्टर-ट्रॉलीत, टायरगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. तेथे कारखान्याच्या तळावर कोपी उभी करायची, पहाटे फडात उतरायचे, नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधायच्या, आणि वाहन येईल तेव्हा, मग ते मध्यरात्री का येईना, डोक्यावरून मोळ्या वाहून ते भरायचे, असा हा दिनक्रम असतो.

या दिनक्रमात शनिवार-रविवार हा शब्द नाही. त्याच्या जागी 'खाडा' हा शब्द आहे. आजारपणाने, बाळंतपणाने किंवा अन्य कारणाने एक दिवस कामावर गेले नाही, तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय दंडही हिशेबात धरला जातो. म्हणजे नोकरदारांच्या जगात सुटीचे पैसे मिळतात आणि कोयत्याच्या जगात सुटीचे पैसे मोजावे लागतात. महिला ऊसतोड मजुरांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या वर्षी बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिला मजुरांची पाहणी करण्यात आली, तेव्हा १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मासिक पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे या शस्त्रक्रियांमागील एक कारण म्हणून त्या वेळी पुढे आले होते. सुटी हा विषय वाटतो तितका हलका नाही, तो येथे.

या साऱ्यात एक विचित्र विसंगती दडलेली आहे. पुण्याचे जोडपे सातारा जिल्ह्यात जाते ते महाबळेश्वरला आणि कोल्हापूर जिल्ह्यात जाते ते पन्हाळ्याला. बीडचे जोडपेही त्याच जिल्ह्यांत जाते, चार दिवसांऐवजी सहा महिने राहते, आणि उसाच्या फडाबाहेरचे फारसे काही न पाहता परत येते. हंगाम संपताना मुकादमाने मनावर घेतले, तर परतीच्या वाटेवर एखाद्या देवस्थानाचे दर्शन घडते. अनेक जोडप्यांच्या पदरी वर्षभरातली पडणारी सहल ती तेवढीच.

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला आणि टनामागे सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला साधारणपणे दीड ते दोन टन ऊस तोडतो, असे धरले, तर दोघांची मिळून दिवसाची कमाई साडेपाचशे ते सव्वासातशे रुपयांच्या घरात जाते. तीही आधी घेतलेल्या उचलीत वळती होते. या दरवाढीची चर्चा मथळ्यांत झाली आणि ती व्हायलाच हवी होती. साप्ताहिक सुटीचा मुद्दा मात्र मथळ्यापर्यंत पोहोचला नाही.

पाच दिवसांचा आठवडा

जिल्ह्यात दुसरे एक जोडपे आहे. तो तहसील कार्यालयात, ती बँकेत. किंवा दोघेही शिक्षक. या जोडप्याला वीकेंड मिळाला तो फार जुना नाही. राज्य शासनाने आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याबदल्यात कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी वाढविण्यात आली. रुग्णालये, पोलीस, शाळा अशा सेवांना हा निर्णय लागू नव्हता. शिक्षकांना मे महिन्याची सुटी असते, ती कारकुनाला नसते. कारकुनाला शनिवार मिळतो, तो शिक्षकाला मिळत नाही. नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे नोकरीला असली, की दोघांच्या सुट्या जुळविणे हे पंचांगातून मुहूर्त काढण्याइतकेच अवघड काम होऊन बसते.

तरीही गेल्या काही वर्षांत बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या शहरांतून शनिवारी संध्याकाळी दुचाकीवरून बाहेर पडणारी जोडपी दिसू लागली आहेत. त्याच्या डोक्याला पांढरा गमछा, तिच्या चेहऱ्याला डोळे सोडून सर्व झाकणारा स्कार्फ, हँडलला अडकवलेली पाण्याची बाटली आणि मागे पिशवीत शिदोरी, हा या सहलीचा सरंजाम. धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याच्या अलीकडे-पलीकडे असलेले धाबे हे यांपैकी अनेकांचे पहिले मुक्कामाचे ठिकाण. तेथे 'फॅमिली रूम' अशी पाटी लावलेली असते. पाटीवरील 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ बाई सोबत असलेले गिऱ्हाईक एवढाच असतो, हे सर्वांना ठाऊक असते.

वाटेत थांबा होतो तो रसवंतीवर. घुंगरांचा आवाज, बर्फ, लिंबू आणि आल्याचा तुकडा घातलेला रस. बीडच्या उन्हाळ्यातील हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा गारवा. ज्या उसाने जिल्ह्यातील एका जोडप्याला सहा महिने घराबाहेर काढले, त्याच उसाच्या रसावर दुसऱ्या जोडप्याची संध्याकाळ साजरी होते. यात दोष कोणाचाच नाही. परंतु एकाच जिल्ह्यात दोन जोडप्यांच्या वाट्याला आलेल्या दोन उन्हाळ्यांमधील अंतर या ग्लासाइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

देवाचे निमित्त

वेळ मिळाला, तरी घरातून निघायचे कसे, हा पुढचा प्रश्न. एकत्र कुटुंबात 'आम्ही दोघे फिरून येतो' हे वाक्य अजूनही धीटपणाचे मानले जाते. 'देवाला जाऊन येतो' या वाक्याला मात्र कोणाचा आक्षेप नसतो. सासूबाई उलट नारळ आणि ओटीचे सामान हातात देतात. मराठवाड्यातील नवविवाहित जोडप्याची पहिली सहल परंपरेने देवदर्शनाचीच राहिली आहे. तुळजापूर, परळी, अंबाजोगाई, ज्यांचे कुलदैवत खंडोबा त्यांना जेजुरी. जेजुरीच्या पायऱ्यांवर नवरदेवाने नवरीला उचलून घेण्याची पद्धत आहे. चारचौघांत नवऱ्याने बायकोचा हात धरला तर नजरा वळतात, अशा समाजात हजारो लोकांसमोर तिला उचलून घेण्यास देवाच्या दारी मुभा मिळते, आणि त्यावर वडीलधारी मंडळीही हसून दाद देतात. आपल्या पूर्वजांनी मधुचंद्राला दिलेले हे धार्मिक नाव म्हणायला हरकत नाही.

जिल्ह्याच्या सर्वांत प्रसिद्ध जोडप्याची कथाही प्रवासाचीच आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांचा विवाह ठरला होता. परंतु वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी पाषाण झाले, अशी आख्यायिका आहे. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांतील दगडी हत्ती हे त्या वऱ्हाडातलेच, असे सांगितले जाते. देवी कुमारिकाच राहिली. दोन्ही गावांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. आज परळीहून अंबाजोगाईला जाणारे जोडपे एकाच दिवसात वैजनाथाचे आणि योगेश्वरीचे दर्शन घेऊन संध्याकाळी घरी परतते. देवांना जे साधले नाही ते एसटीने साध्य करून दाखविले, अशी थट्टा या मार्गावरील प्रवाशांनी केली, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या देवदर्शनाला सहल म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याची एक मर्यादा आहे. देवाला जाण्यासाठी कारण लागते आणि परत आल्यावर प्रसाद आणावा लागतो. केवळ बसून बोलण्यासाठी, पाण्यात पाय सोडण्यासाठी, काहीही न करण्यासाठी बाहेर पडण्याची सोय त्यात नाही. ती सोय हवी असेल, तर ठिकाणे हवीत.

ठिकाणे आहेत, उन्हाळ्यात पाणी नाही

बीड जिल्ह्यात पाहण्यासारखे काही नाही, हा समज खुद्द बीडकरांमध्येच अधिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. बालाघाटाच्या रांगांनी जिल्ह्याला कडे, दऱ्या आणि घाट दिले आहेत. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. बीडपासून सुमारे २० किलोमीटरवरील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधिस्थळाजवळ धबधबा आहे. पाटोदा तालुक्यातच १९९४ मध्ये घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. धारूरला किल्ला आहे, माजलगावला सिंदफणेवरचे विस्तीर्ण धरण आहे, केज तालुक्यात धनेगावजवळ मांजरा प्रकल्पाचा जलाशय आहे. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे, जेथे १७६३ मध्ये मराठ्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. अंबाजोगाईत मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे समाधिस्थान आहे. कापडावर लिहिलेली दासोपंतांची पासोडी हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील अपूर्व ठेवा आहे.

अडचण अशी, की यांपैकी निम्मी ठिकाणे पावसाळ्यातील आहेत. सौताडा आणि कपिलधार येथे खरी गर्दी होते ती जुलैपासून पुढे. मे महिन्यात धबधब्याच्या जागी काळा कातळ आणि शेवाळाचे वाळलेले डाग एवढेच उरतात. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात धरणांचीही तीच गत. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना अद्याप कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी धरणावर गेलेल्या माणसाला पाहायला मिळाली असेल ती भेगाळलेली जमीन. याच्या नेमके उलट २०२५ मध्ये घडले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने सिंदफणा आणि बिंदुसरा या नद्यांना पूर आले, शेते वाहून गेली आणि पाणी पाहण्याची हौस कोणालाच उरली नाही. ज्या जिल्ह्यात पाणी एकतर टँकरने येते किंवा महापुराने, तेथे पाण्याकाठची निवांत संध्याकाळ ही चैनीची वस्तू ठरते.

उन्हाळ्यातही टिकणारी अशी ठिकाणे जिल्ह्यात आहेत, आणि दुर्लक्ष झाले आहे ते नेमके त्यांच्याकडे. बीड शहराजवळ सोलापूर रस्त्यालगत असलेली खजाना विहीर हे याचे ठळक उदाहरण. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविल्याचे सांगितले जाते. जमिनीखालून काढलेल्या बोगद्यांद्वारे या विहिरीत पाणी येते आणि पुढे शेतीकडे जाते. दुष्काळातही विहिरीतील पाण्याची पातळी टिकून राहते, ही तिची ख्याती आहे. भर उन्हाळ्यात जमिनीच्या पोटात उतरून गार वारा अंगावर घेता येईल अशी, चार शतकांहून जुनी स्थापत्यरचना शहराच्या वेशीवर आहे. तेथे बसायला सावली, माहिती देणारा मार्गदर्शक, स्वच्छ प्रसाधनगृह आणि संध्याकाळी दिवे एवढे केले, तरी बीडच्या जोडप्याला मे महिन्यातील एक संध्याकाळ मिळू शकेल. हीच गोष्ट शहरातील कंकालेश्वर मंदिराची. जलकुंडात उभे असलेले हे प्राचीन मंदिर महाशिवरात्रीला गजबजते. एरवी त्याच्या काठी बसण्याची पुरेशी सोय केली, तर ते शहराचे हक्काचे विसाव्याचे ठिकाण होऊ शकते.

दीड तिकिटात दोघे

वाहनाच्या बाबतीत परिस्थिती बदलते आहे, आणि ती जोडप्यांच्या बाजूने बदलते आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या सर्व प्रकारच्या बसगाड्यांमध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत लागू झाली. परिणामी नवरा-बायको मिळून दीड तिकिटात प्रवास करू लागले. वरवर पाहता ही किरकोळ बचत. परंतु तिचा एक सूक्ष्म परिणाम घरातील चर्चेवर झाला. पूर्वी लग्नकार्याला किंवा बाजाराला 'एकानेच जाऊन या, उगाच दोघांचे भाडे कशाला' असे म्हटले जाई आणि तो एक बहुधा नवराच असे. आता खर्चाचे कारण पुढे करून बायकोला घरी ठेवणे तितकेसे सोपे राहिले नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास असल्याने आजी-आजोबांनाही देवदर्शनाचे नवे पंख फुटले आहेत. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही पासयोजना तर १९८८ पासूनची. चार किंवा सात दिवस हवे तेथे फिरण्याची मुभा देणारी ही योजना मोटार नसलेल्या जोडप्यासाठी उत्तम. तिची माहिती मात्र आगाराच्या भिंतीवरील फलकापुरतीच राहते.

दुसरा बदल रेल्वेचा. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांची लग्ने झाली, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली, तरी गाडी आली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती आष्टीपर्यंत धावली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंतच्या प्रवासी रेल्वेसेवेला प्रारंभ झाला. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे मिळण्यासाठी तीस वर्षे लागली. या गाडीच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात एक गमतीची, परंतु बोलकी नोंद होती : रविवार वगळून. ज्या एका दिवशी नोकरदार कुटुंब गाडीत बसून कोठे तरी जाऊ शकते, तोच दिवस वेळापत्रक ठरविताना गाळला गेला. ही गाडी कामासाठी आहे, फिरण्यासाठी नव्हे, असेच गृहीत धरले गेले असावे. बीडच्या माणसाचा प्रवास म्हणजे कामाचाच प्रवास, ही धारणा फडातून निघून थेट वेळापत्रकापर्यंत पोहोचली, असा त्याचा अर्थ होतो.

'कोण तुम्ही दोघे?'

उरतो चौथा आणि सर्वांत नाजूक मुद्दा, मोकळीक. वेळ काढला, वाहन मिळाले, ठिकाण गाठले, तरी तेथे निर्धास्तपणे बसता येते का? धरणाच्या भिंतीवर, किल्ल्याच्या बुरुजावर किंवा अभयारण्याच्या वाटेवर बसलेल्या जोडप्याला 'कोण तुम्ही दोघे, कुठले?' अशी विचारणा करणारे स्वयंघोषित रखवालदार केवळ बीडमध्येच आहेत असे नव्हे. गळ्यात मंगळसूत्र असले, तरी आडनाव आणि गाव सांगावे लागते. लग्न न झालेल्यांची अवस्था याहून बिकट. दिवस मावळण्याच्या आत परतायचे, हा घराघरातील दंडक असतो आणि त्यामागे केवळ जुनाट विचार नसून रस्त्यावरच्या अंधाराची आणि एकाकीपणाची रास्त भीतीही असते. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. त्यानंतर जिल्ह्यातील कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न राज्याच्या राजकारणात केंद्रस्थानी आला. अशा घटनांचे पडसाद विधिमंडळात उमटतात, तसे ते घरातही उमटतात. 'एवढ्या संध्याकाळी कशाला जाता?' या वाक्याला त्यामुळे अधिक वजन येते. जिल्ह्याची प्रतिमा बिघडते तेव्हा बाहेरचे पर्यटक येत नाहीत, हे नुकसान सर्वजण मोजतात. जिल्ह्यातली जोडपीच घरात बसू लागतात, हे कोणी मोजत नाही.

मोकळिकीचा दुसरा पैलू घराच्या आतला आहे. सहल दोघांची असली, तरी तिची तयारी एकीची असते. पहाटे उठून दशम्या करायच्या, शेंगदाण्याची चटणी बांधायची, घरच्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून ठेवायचा, मुलांची सोय लावायची आणि मग 'तुझे आवरले की नाही' हे ऐकत दुचाकीवर बसायचे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. सहलीच्या दिवशी हे अंतर कमी होण्याऐवजी वाढतेच. धाब्यावरच्या जेवणाला आरोग्याच्या दृष्टीने कोणी कितीही नावे ठेवोत. अनेक गृहिणींना त्यात जी चव लागते, ती मसाल्याची नसून आयते वाढले जाण्याची असते.

आणि या साऱ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे, जो टाळता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले होते. मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे ही स्थलांतरित आई-बापांची चिंता त्याला कारणीभूत आहे, आणि लग्न झाले की एक कोयता तयार होतो, हा हिशेबही त्यात मिसळलेला आहे. ज्या मुलीचे लग्नच कामाची जोडी जमविण्यासाठी उरकले जाते, तिच्या वाट्याला नवऱ्यासोबतची पहिली दूरची वाट येते ती फडाचीच.

काय करता येईल?

पर्यटन विकास म्हटला, की कोट्यवधींचे आराखडे, रोप-वे आणि प्रवेशद्वाराच्या कमानी डोळ्यांसमोर येतात. बीडच्या जोडप्याची गरज याहून कितीतरी साधी आहे. खजाना विहीर, कंकालेश्वर, धारूरचा किल्ला, हत्तीखाना, माजलगावचा जलाशय आणि नायगाव अशी सहा ठिकाणे निवडून तेथे सावली, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह, दिवे आणि सूर्यास्तापर्यंत एक गस्त एवढी व्यवस्था नगरपालिका, जिल्हा परिषद, वनविभाग आणि पुरातत्त्व विभाग यांनी वाटून घेतली, तरी पुष्कळ होईल. गस्त जोडप्यांची चौकशी करण्यासाठी नसून त्यांची चौकशी करणाऱ्यांना आवरण्यासाठी आहे, हे तेवढे पोलिसांना स्पष्ट सांगावे लागेल. एप्रिल-मे महिन्यांत शनिवार-रविवारी या ठिकाणांना जोडणारी आणि दिवेलागणीनंतर परत आणणारी एसटीची एक फेरी ठेवणे महामंडळाला अशक्य नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात रविवारला जागा देणे हे तर कागदावरचे काम.

खरा अवघड भाग कोयत्याचा आहे. हंगामात पंधरवड्यातून एक दिवस दोघांनाही भरपगारी सुटी आणि त्या दिवशी खाडा नाही, ही अट कारखाने, मुकादम आणि संघटना यांच्या करारात आली, तर तिची किंमत टनामागे काही रुपयांपेक्षा अधिक होणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या महामंडळाने हंगामाच्या अखेरीस परतीच्या वाटेवर एक दिवसाच्या दर्शनाची किंवा पर्यटनाची सोय केली, तर सहा महिने पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहून पन्हाळा न पाहिलेल्या जोडप्यांना तो निदान एकदा पाहता येईल. यावर 'आधी पोटाचे पाहा, मग फिरण्याचे' असा आक्षेप निघेल. तो नवा नाही. आठ तासांच्या दिवसाची मागणी झाली तेव्हाही आणि रविवारची सुटी मागितली गेली तेव्हाही हेच ऐकविले गेले होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लढा दिला आणि १८९० मध्ये ती मिळाली. त्या सुटीतही कामगाराच्या पोटाचा प्रश्न सुटलेला नव्हता. परंतु पोटाखेरीज त्याला आणखी काही आहे, हे त्या दिवशी मान्य झाले.

लोखंडे यांच्या त्या यशाला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. गिरण्यांच्या मुंबईला मिळालेला रविवार उसाच्या फडापर्यंत अजून पोहोचलेला नाही. नोकरदार जोडप्याची रसवंतीवरची संध्याकाळ आणि मजूर जोडप्याचा सुटीचा दिवस हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत. पहिला भाग बीडच्या शहरांतून हळूहळू दिसू लागला आहे. दुसऱ्यासाठी पुढील हंगामाच्या करारात एक ओळ वाढवावी लागेल, आणि ती वाढविण्याची वेळ ट्रॉल्या भरण्यापूर्वीची, म्हणजे जोडपी गावी असतात त्या उन्हाळ्याचीच आहे.